वासोट्याच्या पायथ्याचे गाव

(जीर्णोद्धार सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री, कीर्तनापूर्वी, मंदिराच्या सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धार समितीने मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी समितीच्या अण्णांना म्हटले, "अण्णा, मी एस. एस. सी. पर्यंत शिकलेला, तालुक्याच्या कचेरीतला कारकून. देवाधर्माचे बोलणे बुवांनी बोलावे. मी फार तर सातबाऱ्यावर बोलेन." त्यावर अण्णा म्हणाले, "मग सातबाऱ्यावर बोल, पण वेळेत आटप." तेव्हा बुवांचा चहा होईपर्यंत मी माझे बोलणे आटोपणार आहे. माझा आजचा विषय एक पायवाट आणि त्या पायवाटेवर लागणारे एक ओस गाव हा आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातलीच वाट आहे. इथल्या कितीतरी जणांनी तिचे नाव ऐकले असेल, पण फार थोडे तिकडे गेले असतील.

वासोटा हा किल्ला आपणां सर्वांना ठाऊक आहे. कोयनेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेवर हा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६६० साली तो घेतला आणि त्याला व्याघ्रगड असे नाव दिले. हल्ली मुंबई-पुण्याची तरुण मुले पाठीवर पिशव्या अडकवून तिथे जातात. आमच्या कचेरीतल्या चौघाजणांनीही ठरवले, की एकदा आपणही जाऊन यावे. जिल्ह्यातला किल्ला, आणि आपण कागदावरच पाहायचा, हे काही बरे नव्हे. म्हणून एका हिवाळ्यात शनिवार पाहून आम्ही निघालो.

ही वाट कशी आहे ते आधी सांगतो, म्हणजे कोणाला जावयाचे असेल तर उपयोग होईल. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीला जावे लागते. अंतर ३५ ते ४० किलोमीटर. बामणोली हे कोयना धरणाच्या पाण्याच्या काठावरचे गाव. तिथे वनखात्याची परवानगी काढावयाची, सर्वांची नावे लिहून द्यावयाची. हा सगळा मुलूख अभयारण्याचा असल्यामुळे मुक्काम करता येत नाही, दिवस मावळण्यापूर्वी परत यावेच लागते. पावसाळ्यात वाट बंद असते. आपल्याजवळ प्लॅस्टिकच्या बाटल्या किती, हेही तपासतात. मला ही पद्धत फार आवडली. नेलेले परत आणले की नाही याचा हिशेब सरकारने ठेवावा, अशी ही जागा आहे.

बामणोलीहून लाँचमधून सव्वा-दीड तास जावे लागते. पलीकडच्या काठाला मेट इंदवली ही जागा आहे. तिथून चढण सुरू होते. सुरुवातीला ओढा लागतो, ओढ्याकाठी मारुतीची आणि गणपतीची मूर्ती आहे. पुढे घनदाट जंगल. ऐन, जांभूळ, अंजन, हिरडा, खाली कारवीचे रान. दुपारीसुद्धा अंगावर ऊन येत नाही. वर जाता जाता वाटेला दोन फाटे फुटतात. एक वासोट्याच्या माथ्यावर जातो, दुसरा नागेश्वरच्या गुहेकडे. आम्ही आधी किल्ला केला, मग फाट्यापर्यंत उतरून नागेश्वराकडे गेलो आणि तिथून पुन्हा मेट इंदवलीला उतरलो. म्हणजे किल्ला, गुहा आणि ओसाड गाव अशी एका दिवसाची फेरीच झाली. जिथून निघालो तिथेच येऊन पोचलो. आपल्याकडे याला प्रदक्षिणा म्हणतात. मंदिराची प्रदक्षिणा पाच मिनिटांत होते, हिला सबंध दिवस लागला आणि माझे गुडघे चार दिवस बोलत होते, एवढाच फरक.

किल्ल्याचे वर्णन पुस्तकांतून पुष्कळ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वर मारुती आहे, महादेवाचे देऊळ आहे, पाण्याची टाकी आहेत, चुन्याचा घाणा आहे. पश्चिमेला बाबूकडा म्हणून जो कडा आहे, त्याच्या काठावर उभे राहिले की खाली कोकण दिसते आणि पोटात गोळा येतो. महाराजांच्या काळी राजापूरच्या वखारीतले इंग्रज कैदी इथे ठेवले होते. पेशवाईच्या अखेरीस पंतप्रतिनिधींच्या पक्षाकडून ताई तेलिणीने बापू गोखल्यांशी हा किल्ला भांडवला. १८१८ साली इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून तो घेतला. त्या वेळी साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरची माणसे इथे अडकवून ठेवलेली होती, ती सुटली.

इथपर्यंतचा इतिहास सगळ्यांना सापडतो. माझे लक्ष मात्र पायथ्याच्या त्या नावाकडे गेले. मेट इंदवली. यातला 'मेट' हा शब्द जुना आहे. किल्ल्याच्या चढणीवर, पायथ्याला, वाटा जिथून फुटतात तिथे चौक्या असत. त्या चौकीला मेट म्हणत, आणि तिथे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणारे ते मेटकरी. त्यांची तिथेच घरे असत, तिथेच नाचणी-वरीची शेती असे. म्हणजे ही वस्ती किल्ल्याच्या राखणीसाठी बसलेली. किल्ल्याचे राजे बदलले, पंतप्रतिनिधी गेले, पेशवे गेले, इंग्रज आले आणि गेले. राखणीचे काम उरले नाही तरी वस्ती राहिली. किल्ला भांडवणाऱ्यांची नावे बखरीत आहेत, किल्ला जिंकणाऱ्यांची नावे इंग्रजांच्या दप्तरात आहेत. मेटावर पावसापाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसांची नावे मात्र कुठे लिहिलेली मला आढळली नाहीत.

आणि आता तिथे कोणीही राहत नाही. लाँचमधून उतरल्यावर वनखात्याची चौकी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ आहे, पण गाव म्हणाल तर नाही. झाडीत घरांची जोती दिसतात. एका जोत्यावर चांगला मनगटाएवढा जाड वेल चढलेला होता. रानात मध्येच एखादा आंबा, एखादा फणस दिसतो, आणि लक्षात येते की हे झाड आपसुक आलेले नाही, कोणीतरी परसात लावलेले आहे. माझ्याबरोबरचे दोघे पुढे निघून गेले होते. मी त्या जोत्यापाशी जरा थांबलो आणि पावलांनी त्याची लांबी मोजली. कारकुनाची सवय, दुसरे काय! चौदा पावले लांब, नऊ पावले रुंद. पुढे पडवी असावी. आपल्याकडच्या जुन्या घरांचे माप साधारण हेच आहे. तुमच्या-आमच्या आजोबांचे घर असेच होते.

हे गाव का उठले, ते सांगावयाचे तर कोयनेच्या धरणापासून सांगावे लागते. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि दक्षिणेकडे वाहत जाते. पुढे हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. हे वळण जिथे आहे तिथे १९५४ च्या सुमारास धरणाचे काम सुरू झाले. १९६१-६२ पासून पाणी अडू लागले. धरणाची उंची १०३ मीटर, आणि आज त्यात १०५ टीएमसी पाणी मावते. या जलाशयाला शिवसागर म्हणतात. पूर्वेला जाणारे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात पोफळीकडे सोडले आणि त्या उतारावर वीज तयार केली. कोयना प्रकल्पाची वीज आज १,९६० मेगावॉट आहे. मुंबईच्या गिरण्या, कारखाने, शहरांतले दिवे या विजेवर चालले. महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी असे कोयनेला म्हणतात, त्यात खोटे काही नाही. वीज आली नसती तर इथे मांडवात हा लाउडस्पीकरही लागला नसता.

परंतु त्या पाण्याखाली शंभराच्या घरात गावे बाधित झाली. नदीकाठची भाताची खाचरे होती, तीच सर्वांत चांगली जमीन, ती आधी बुडाली. माणसे ठाणे जिल्ह्यात गेली, त्या वेळच्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात गेली, सोलापूर, सांगलीकडे गेली. ज्यांना जावेसे वाटले नाही ती आपलीच घरे उचलून डोंगरात वर सरकली. त्या काळात पुनर्वसनाचा कायदासुद्धा नव्हता. महाराष्ट्रात तसा पहिला कायदा १९७६ साली झाला, म्हणजे पाणी अडल्यावर चौदा-पंधरा वर्षांनी. मध्यंतरी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर आणि आजूबाजूची घरे पडली. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ती पहाट अजून आठवते. पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झाले, आणि २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. म्हणजे पाण्यामुळे वर सरकलेल्या माणसांच्या पुढे आता जंगलाची हद्द आली. खाली पाणी, वर अभयारण्य. या दोहोंच्या मध्ये या खोऱ्यातल्या कित्येक वस्त्या उठल्या, त्यांतली एक मेट इंदवली.

जंगल राखू नये असे मी म्हणणार नाही. गवा, अस्वल, भेकर, शेकरू यांना तरी दुसरा कुठला सातबारा आहे? २०१२ साली कोयना आणि कास यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याचा मलाही अभिमान आहे. आणि धरण नको होते असेही मी म्हणणार नाही. पण एवढे मोठे काम झाले तेव्हा त्याची किंमत कोणी दिली, ते तरी आपण विसरू नये. कोयनेच्या धरणग्रस्तांना आपल्या जमिनीच्या मागणीसाठी २०१८ साली, म्हणजे दोन पिढ्यांनंतरही, कोयनानगरला आंदोलनास बसावे लागले. ज्यांनी जमीन दिली ते वारले, त्यांची मुले म्हातारी झाली, आणि नातू मागणी करीत होते.

आता मी म्हटल्याप्रमाणे थोडे सातबाऱ्यावर बोलतो. आमच्या महसुली दप्तरात गाव एकदा नोंदले गेले की ते सहसा मरत नाही. माणसे गेली तरी गावाचे नाव राहते, हद्द राहते, नकाशा राहतो. जनगणनेच्या यादीतही वस्ती नसलेली गावे असतात, त्यांच्या पुढे लोकसंख्येच्या रकान्यात काही नसते, पण ओळ असते. विदर्भाकडे अशा गावाला रीठ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या दप्तरात शब्द आहे 'बेचिराग'. बोलण्यात त्याचे आपण 'बेचिराख' केले, आणि आपल्याला वाटते की जळून राख झाली म्हणून बेचिराख. तसे ते नाही. हा फारसी शब्द आहे. चिराग म्हणजे दिवा. बेचिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते गाव.

हा शब्द मी वीस वर्षे कागदावर वाचीत आलो आहे. कचेरीत लागलो तेव्हा एका जुन्या अव्वल कारकुनांनी मला त्याचा अर्थ सांगितला होता. परंतु मेट इंदवलीच्या त्या जोत्यावर उभा असताना तो मला पहिल्यांदा नीट कळला. पाहा, जुन्या लोकांनी गाव ओस झाले हे कशावरून ठरवले? घरे पडली यावरून नव्हे, जमीन पडीक राहिली यावरूनही नव्हे. तिन्हीसांजेला दिवा लागतो की नाही, यावरून. आणि विचार करा, ज्या खोऱ्याने सबंध महाराष्ट्राला वीज दिली, त्या खोऱ्यातल्या गावांवर बेचिराग होण्याची पाळी आली. यावर मी अधिक काही बोलत नाही. मला बोलता येणारही नाही.

नागेश्वर ही डोंगराच्या धारेवरची गुहा आहे. आत महादेवाची पिंड आहे, आणि छतातून पिंडीवर पाण्याचे थेंब पडत असतात. अभिषेकाची सोय देवाने स्वतःच करून ठेवलेली आहे. या गुहेपासून पलीकडे उतरले की रत्नागिरी जिल्ह्यातले, खेड तालुक्यातले चोरवणे गाव लागते. महाशिवरात्रीला कोकणातली माणसे तिकडून चढून येतात आणि घाटावरची इकडून जातात. जवळपास वस्ती नाही, गुरवाचे घर नाही, तरी देवाला माणसे येतात.

तिथे आम्हाला एक वृद्ध गृहस्थ भेटले. पंचाहत्तरीच्या आसपासचे असतील. बरोबर चौदा-पंधरा वर्षांचा नातू. याच खोऱ्यातल्या एका बुडालेल्या गावचे, आणि आता रायगड जिल्ह्यात राहणारे. मी त्यांना विचारले, "आबा, एवढ्या लांबून कशाला त्रास घेतलात?"

ते म्हणाले, "ह्याला वाट दावायला आलोय. म्या मेलो म्हंजी ह्याला कोन सांगनार?"

धरणाचे पाणी चढले तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे होते. बापाने देव्हारा कांबळ्यात बांधला, आईने जात्याचा वरचा पेड डोक्यावर घेतला आणि खालचा जड होता म्हणून तिथेच सोडला, एवढे त्यांना आठवते. खालचा पेड पाण्यात आणि वरचा रायगड जिल्ह्यात, असे ते जाते आहे. हे सांगताना ते हसत होते. नातू खाली पाहत होता. नंतर उतरताना आबा त्या मुलाला एकेका जागेचे नाव सांगत होते. हा टेंभ्याचा माळ. हे वाघजाईचे पाणी. इथे आमची वरी असायची. मी मागून चालत होतो आणि ऐकत होतो. मला दिसत होते ते नुसते रान. त्यांना त्या रानात पायऱ्यापायऱ्यांनी गाव दिसत होते.

मंडळी, यातून मला एक गोष्ट कळली आणि ती सांगण्यासाठीच मी इथे उभा आहे. आमच्या दप्तरात जमिनीचे नाव नसते, नंबर असतो. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याप्रमाणे पुढे ठिकठिकाणी गट पाडले गेले, आणि जुने सर्व्हे नंबरही बदलले. गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, आकार अमुक, खातेदार अमुक. गाव नमुने एकपासून एकवीसपर्यंत आहेत. त्यांतल्या एकाही नमुन्यात 'वाघजाईचे पाणी' असे नाव हमखास सापडेल असा रकाना नाही. ते नाव माणसाच्या तोंडात असते, आणि माणूस त्या वाटेने चालतो तोवरच असते. माणूस चालायचा थांबला की वाट मोडते, वाट मोडली की नाव जाते. आबांनी नातवाला नेले नसते, तर त्या ओढ्याचे नाव त्यांच्याबरोबरच संपले असते आणि उरला असता तो नुसता ओढा.

आता आपल्या गावाकडे येतो. आपल्या गावाला धरण आले नाही, अभयारण्य आले नाही, भूकंपात चार भिंती पडल्या त्या आपण उभ्या केल्या. कोणी आपल्याला उठवलेले नाही. तरीसुद्धा परवा रात्री मी वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत चालत गेलो आणि कुलपे मोजली. आकडा मी इथे सांगत नाही, ज्याचे कुलूप त्याला ठाऊक आहे. पोटासाठी मुंबई गाठावी लागते, हे काही कोणाच्या हौसेचे काम नाही. आपले वडील-चुलते मुंबईला गोदीत, बाजारात पाठीवर ओझी वाहत होते, माथाडी होते. त्यांच्याच पैशांवर आम्ही शाळा शिकलो. आणि आज हे देऊळ उभे राहिले आहे ते निम्म्याहून अधिक मुंबईकर मंडळींच्या वर्गणीतून, हे पावतीपुस्तकच सांगेल. तेव्हा मुंबईकरांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझा सख्खा भाऊ मुंबईत आहे आणि तो समोरच बसला आहे.

पण मेट इंदवलीला पाणी आणि कायदा लागला. आपल्याला तसे काही लागणार नाही. आपले गाव बेचिराग झाले तर ते एकेका कुलपाने होईल, आणि ते कोणत्या दिवशी झाले हेही कोणाला सांगता येणार नाही. आज मांडवात हजार माणूस आहे. परवा काल्याचा प्रसाद झाला की गाड्या लागतील. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला या नव्या गाभाऱ्यात निरांजन कोण लावणार, हा प्रश्न मी समितीपुढे ठेवला होता. गुरवाचे घर एकच उरले आहे आणि गुरवमामांचे वय आपण सर्व पाहतो.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. त्या समितीने मान्य केल्या आहेत, फक्त सर्वांसमोर सांगावयाच्या राहिल्या आहेत.

पहिली सूचना दिवाबत्तीची. गावातल्या प्रत्येक घराने आठवड्याची पाळी घ्यावी. ज्यांच्या घराला कुलूप आहे त्यांनीही आपली पाळी सोडू नये. वर्षातून त्या एका आठवड्यापुरते घरातले कोणीतरी गावी यावे, घर झाडावे, उंबऱ्यावर आणि देवळात दिवा लावावा. अगदीच जमले नाही तर भावकीत सांगावे, पण पाळी आपल्या नावावर राहावी. पाळीचा तक्ता मी तयार केला आहे आणि सभामंडपाच्या डाव्या खांबाला लावला आहे. कारकुनाने केलेला असल्यामुळे त्यात घर सुटलेले नाही याची खात्री बाळगावी.

दुसरी सूचना फेरीची. पूर्वी गावची शिव पाहण्याची पद्धत होती. शिवेचे दगड जागेवर आहेत की नाहीत, हे जाणती माणसे चालत जाऊन पाहत आणि पोरांना बरोबर नेत. ती पद्धत मोडली. ती आपण पुन्हा सुरू करावी. दरवर्षी या देवळाच्या वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळातून निघावयाचे, सबंध शिवाराला वळसा घालावयाचा आणि देवळातच परत यावयाचे. गेलेल्या वाटेने परत यावयाचे नाही. वासोट्याच्या फेरीला आम्हाला दिवस लागला, आपल्या शिवाराला चार तास पुरतील. पुढे जाणती माणसे चालतील आणि जागेची नावे सांगतील. प्रत्येक पाणवठा, प्रत्येक माळ, प्रत्येक बांधावरचे मोठे झाड, जुनी विहीर, मोडलेली वाट. पोरांनी ती वहीत लिहून घ्यावयाची. मुंबईत वाढलेल्या मुलांच्या हाती मोबाइल असतोच, त्यांनी त्यावर फोटो आणि जागा टिपून ठेवावी, त्यांना ते चांगले जमते. मी माझ्याकडून गावच्या नकाशाची प्रत आणीन आणि एकेक नाव त्यावर त्या त्या गटात लिहून काढीन. सरकारी नमुन्यात रकाना नसला तरी आपल्या देवळाच्या कपाटात एक नकाशा राहील. आबांना रायगडहून नातवाला घेऊन यावे लागले. आपल्याला घराच्या दारातून निघावयाचे आहे, इतके ते सोपे आहे.

वरच्या आळीच्या नानांनी मला काल एका दमात सव्वीस नावे सांगितली. सत्ताविसावे आठवेना म्हणून त्यांना रात्रभर झोप लागली नाही. आज सकाळी अंघोळीच्या वेळी ते आठवले म्हणून ओल्या पंचानेच माझ्या दारात आले. ते नाव मी इथे फोडत नाही, फेरीच्या दिवशी नानांच्याच तोंडून ऐकावे. नानांचे वय ब्याऐंशी आहे, एवढे मात्र तरुण मंडळींनी ध्यानात घ्यावे.

पहिल्या फेरीसाठी वर्धापनदिनाची वाट पाहावयाची नाही असे ठरले आहे. काल्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे उद्याच, सकाळी साडेसहाला देवळापुढे जमावयाचे आहे. पायांत चपला नको, बूट घालावेत, खालच्या बाजूला काटे आहेत. प्रत्येकाने पाणी आपले आपण आणावे आणि बाटली परत आणावी. मी ती मोजून घेणार आहे. बायकांनीही यावे. पाणवठ्यांची नावे पुरुषांपेक्षा त्यांनाच अधिक माहीत असतात, कारण पाणी त्यांनीच वाहिले. नानांसाठी पहिल्या टप्प्यापर्यंत गाडी सांगितली आहे, पुढे ते काठी टेकत येणार म्हणतात. वही-पेन्सिल समितीने आणून ठेवली आहे.

बुवांचा चहा झालेला दिसतो.  उद्या साडेसहा, विसरू नये.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!